दोरीचं दुसरं टोक

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलखात उन्हाळा उतरणीला लागला की गावोगाव शेतकी मेळे भरतात. तिथली माणसं त्यांना नुसतं 'शो' म्हणतात. यॉर्कशायरमध्ये वॉर्फ नदीच्या खोऱ्यात किल्न्सी नावाचं लहानसं गाव आहे. चुनखडीचा एक अजस्र कडा तिथे रस्त्याच्या अंगावर झुकलेला दिसतो. त्या कड्याच्या पायथ्याशी १८९७ साली असा शो सुरू झाला. ऑगस्टअखेरच्या सोमवारच्या सुट्टीनंतरचा मंगळवार हा त्याचा दिवस. मेंढ्यांच्या स्पर्धा, हलक्या दोनचाकी गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या दुडक्या चालीच्या शर्यती, चुना-सिमेंटचा कणही न वापरता दगडी बांध रचण्याची चढाओढ आणि कड्याच्या माथ्यापर्यंत पळत जाऊन पळतच खाली येण्याची शर्यत. ही शेवटची शर्यत नुसती बघतानाही माझ्या वयाच्या माणसाचे गुडघे कुरकुरतात.

आमची लेक लीड्सला असते. तिच्यामुळे त्याच मुलखातल्या एका लहान शोला जाण्याचा योग आला. गाडीत लेक, जावई, नात, आम्ही दोघं, आणि मागच्या डिकीत जाळीपलीकडे चटणी. चटणी म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री. नाव आमच्या घरातलं नाही, ज्या संस्थेतून तिला आणलं तिथेच ते ठेवलेलं होतं. मैदानावर पोचलो तर जिकडे पाहावं तिकडे कुत्री. चिखलाचे बूट घातलेले आजोबा आणि त्यांचा म्हातारा लॅब्राडोर, बाबागाडी ढकलणारी आई आणि तिच्या मनगटाला अडकवलेला टेरियर, चहाच्या तंबूबाहेर टेबलाखाली पसरलेले स्पॅनियल. "घरातलं कोणी मागे ठेवूनच आलेलं दिसत नाही," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. आणि मग आपल्याकडचा कोणीही पाहुणा म्हणेल ते वाक्य आलंच: काय प्रेम आहे हो या लोकांचं मुक्या जनावरांवर!

या वाक्याशी माझं भांडण आहे. प्रेम असेल, नाही असं नाही. पण हजारो माणसं, शेकडो मेंढ्या, गाई, घोडे, कोंबड्या आणि एवढी कुत्री एका मैदानात दिवसभर सुखानं नांदतात ती प्रेमाच्या जोरावर नव्हे. त्यामागे दोनशे वर्षांची शिस्त आहे. तिचा बराचसा भाग कठोर होता, काही भाग निर्दय होता. आणि ती शिस्त कुत्र्याला लावण्याआधी कुत्रा ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला लावावी लागली.

एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड आपल्या आजच्या शहरांपेक्षा फार वेगळं नव्हतं. लंडनच्या रस्त्यांवर मोकाट कुत्री होती, रेबीज होता, पिसाळलेल्या कुत्र्याच्या अफवेनं अख्खी गल्ली पळत सुटत असे. कुत्र्यांवरचा कर १७९६ सालीच आला होता. तो कर पुढे परवान्याच्या रूपात टिकला आणि १९८७ मध्ये रद्द झाला, तेव्हा परवान्याची फी अवघी ३७ पेन्स होती. १८६० मध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला. तोच पुढे बॅटर्सीला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी बाईंची टिंगल केली: माणसं उपाशी मरताहेत आणि यांना कुत्र्यांची पडली आहे! डिकन्स चालवत असलेल्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात मात्र १८६२ साली एक लेख आला. त्यात इझ्लिंग्टनला भरलेलं जातिवंत कुत्र्यांचं प्रदर्शन आणि जवळच असलेला हा निवारा शेजारी शेजारी ठेवले होते. एकीकडे बक्षिसं मिळवणारी कुत्री, दुसरीकडे कोणाचीच नसलेली. पण त्या निवाऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या दशकांत पोलीस रस्त्यावरची कुत्री पकडून बॅटर्सीला आणत, आणि ज्यांना न्यायला कोणी येत नसे त्यांतली बहुतेक मारली जात.

रेबीजवर शेवटचा घाव वॉल्टर लाँग या मंत्र्यानं घातला. शेतकी खात्याचा प्रमुख असताना १८९७ पासून त्यानं रेबीज असलेल्या जिल्ह्यांत प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधणं सक्तीचं केलं, आणि परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरण लावलं. श्वानप्रेमी चवताळले. सभा झाल्या, पत्रकं निघाली, मुसकं म्हणजे छळ असं सांगितलं गेलं. लाँग हटला नाही. १९०२ मध्ये ब्रिटन रेबीजमुक्त झालं. पहिल्या महायुद्धानंतर चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परत शिरला आणि १९२२ पर्यंत पुन्हा निपटला गेला. आज माझी नात अनोळखी कुत्र्याच्या मालकाला "हात लावू का?" विचारून त्याच्या गळ्याखाली बोटं घालते, आणि तिच्या आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. ही निर्धास्ती त्या मुसक्यांची कमाई आहे.

शोच्या दारावर पाटी होती: कुत्र्यांचं स्वागत, पण आखूड दोरीवर. लांब होणारी, बटण दाबून सुटणारी दोरी चालणार नाही. घाण मालकानं उचलायची. जनावरांच्या तंबूत कुत्रा न्यायचा नाही. आणि कुत्रा गाडीत कोंडून ठेवलात तर काच फोडली जाईल. शेवटचं वाक्य मला अतिरेकी वाटलं, तेव्हा जावयानं हिशेब सांगितला. बाहेर साधं २२ अंश तापमान असलं तरी बंद गाडीच्या आत तासाभरात ते ४७ अंशांपर्यंत चढू शकतं, असं तिथली प्राणिदया संस्था दर उन्हाळ्यात घसा कोरडा करून सांगते.

जनावरांच्या तंबूबद्दलचा नियम मला सोवळ्या-ओवळ्यासारखा वाटत होता. तिथल्या एका गाईवाल्या बाईंनी तो उलगडून सांगितला. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी पसरतो. तो चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला की गाय गाभडते, आणि गाभडली नाही तर रोग वासराच्या अंगात उतरतो. "तुमचा कुत्रा गोड आहे," बाई म्हणाल्या, "माझं वर्षाचं उत्पन्न पण मला गोड आहे." मेंढीवाल्यांची तक्रार याहून जुनी आहे. १९५३ च्या कायद्यानं मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याचा मालक गुन्हेगार ठरतो. आपली जनावरं वाचवायला दुसरा मार्गच उरला नाही, तर शेतकऱ्यानं अशा कुत्र्याला गोळी घातली तरी ठरावीक अटींमध्ये १९७१ चा कायदा त्याला संरक्षण देतो. ज्या खेड्यात कुत्र्याच्या पाण्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर भांडी भरून ठेवतात, त्याच खेड्यातली ही बंदूक आहे. पाहुण्याला भांडी दिसतात.

आता मैदानाकडे वळू. त्या दिवशी कुत्र्यांचे तीन वेगळे जगव्यवहार एकाच कुरणावर चालले होते, आणि त्यांतल्या दोहोंचा जन्म एकाच वर्षी झालेला आहे. १८७३ मध्ये सिवॅलिस शर्ली या खासदारानं लंडनला केनेल क्लब स्थापन केला. कुत्र्यांच्या जातींच्या वंशावळी लिहून ठेवणं, प्रदर्शनांना नियम लावणं, हे त्याचं काम. त्याच वर्षी वेल्समध्ये बाला या गावी मेंढपाळी कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली जाहीर स्पर्धा झाली. वेल्समध्ये येऊन राहिलेल्या जेम्स थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं आपल्या ट्वीड या कुत्र्यासह ती जिंकली. एकीकडे कुत्र्याचं रूप कागदावर आलं, दुसरीकडे त्याचं काम मैदानावर.

कामाच्या मैदानापाशी मी सगळ्यात जास्त वेळ उभा होतो. लांब चढावर काही मेंढ्या सोडलेल्या, इकडे खांबापाशी मेंढपाळ, हातात काठी, तोंडात शिटी. कुत्री त्याच्या पायाशी पोटावर दबून बसलेली. इशारा झाला की ती सरळ मेंढ्यांकडे पळत नाही. मोठा वळसा घालून, मेंढ्यांना चाहूल लागू न देता, त्यांच्या पाठीमागे पोचते. मग थांबते. मेंढ्या मान वर करतात. कुत्री एक पाऊल टाकते, डोळे रोखते, आणि मेंढ्या हलतात. या क्षणाला तिकडे 'लिफ्ट' म्हणतात. मोठ्या स्पर्धांमध्ये १०० पैकी १० गुण एवढ्याशा क्षणासाठी राखून ठेवलेले असतात, कारण मेंढ्या बिथरून पळाल्या की विश्वासानं चालू लागल्या हे त्या काही सेकंदांतच ठरतं. वळशाला २०, आणण्याला २०, मेंढ्यांना मेंढपाळापासून दूर हाकत नेण्याला ३०, कळप फोडायला १०, कोंडवाड्यात घालायला १०. परीक्षक गुण देत नाही, चुकीगणिक कापत जातो. शेतकी शोवर गुणांची विभागणी थोडीफार बदलते, पण कात्री तीच.

ज्या बॉर्डर कॉलीचं आज जगभर कौतुक होतं, तिचं मूळ सांगताना जुने मेंढपाळ १८९३ मध्ये नॉर्थम्बरलँडला जन्मलेल्या 'ओल्ड हेम्प' या एका कुत्र्याचं नाव घेतात. मेंढपाळी कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९०६ पासून कामाच्या नोंदी ठेवते आहे, आणि केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली ती थेट १९७६ मध्ये. मधली सत्तर वर्षं या कुत्र्याची ओळख त्याच्या कामातच होती. कान उभे असोत की पडके, अंग काळं-पांढरं असो की तपकिरी, मेंढी हलली पाहिजे. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला नातीनं विचारलं की तुमची कुत्री घरात झोपते का. तो दचकलाच. "घरात कशाला? तिला काम आहे." बोलण्यात कोरडेपणा नव्हता. संध्याकाळी त्यानं आधी कुत्रीला पाणी पाजलं, तिच्या पंजात रुतलेलं कुसळ काढलं, मग स्वतः पाणी प्यायला.

रूपाची वाट मात्र भलतीकडे गेली. कुत्र्यांचं पहिलं म्हणता येईल असं प्रदर्शन १८५९ साली न्यूकॅसलला झालं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. म्हणजे सुरुवातीला रूपसुद्धा कामाच्या शेजारीच उभं होतं. पुढे काम सुटलं. बुलडॉगचं उदाहरण सगळ्यांत वाईट आहे. बैलावर कुत्रे सोडण्याचा रक्तपाती खेळ १८३५ च्या कायद्यानं बंद झाला, आणि या कुत्र्याला करण्याजोगं काही उरलं नाही. मग तो प्रदर्शनात शिरला. तोंड आणखी चपटं, डोकं आणखी मोठं, छाती आणखी रुंद, अशी पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली. आज बुलडॉगची बहुसंख्य पिल्लं पोट फाडूनच बाहेर काढावी लागतात. २००८ मध्ये बीबीसीनं या प्रकारावर माहितीपट दाखवला, गदारोळ झाला, आणि २००९ पासून क्रफ्ट्स या सगळ्यात प्रतिष्ठित श्वानप्रदर्शनाचं प्रक्षेपणच बीबीसीनं थांबवलं. २०१२ साली क्रफ्ट्समध्ये काही जातींच्या विजेत्यांना पशुवैद्याची तपासणी सक्तीची झाली, तेव्हा जातीतला सर्वोत्तम ठरलेला बुलडॉग आणि सर्वोत्तम पेकिनीज दोघेही नापास झाले. सर्वोत्तम असूनही आजारी! मालकाची हौस कुत्र्याच्या हाडांत कशी उतरते याचा एवढा उघड पुरावा क्वचितच मिळतो.

तिसरा व्यवहार म्हणजे मैदानाच्या कडेला, चहाच्या तंबूजवळ, गवताच्या पेंढ्या मांडून केलेलं एक छोटं रिंगण. एक-दोन पौंड देऊन कोणीही आपला कुत्रा उतरवावा. जमलेला पैसा कुठल्याशा दवाखान्याला किंवा प्राण्यांच्या निवाऱ्याला जातो. गटांची नावं ऐकूनच हसू येतं: सगळ्यात जोरात शेपूट हलवणारा, मालकासारखा दिसणारा, सॉसेज हवेत झेलणारा, परीक्षकाला घरी न्यावासा वाटणारा. पहिल्याला लाल फीत, दुसऱ्याला निळी. ग्रामीण विनोद म्हणून याकडे बघून पुढे जाणारे बरेच असतात. मला मात्र त्या दिवसातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट इथेच दिसली.

नातीनं चटणीला 'शेपूट' गटात उतरवलं. निवृत्त ग्रेहाउंडला हुकमावर शेपूट हलवायला सांगणं म्हणजे निवृत्त न्यायाधीशाला नाच म्हणण्यासारखं आहे. ती शांतपणे उभी राहिली. परीक्षक गावातल्याच पशुवैद्य बाई होत्या. त्या रांगेतल्या प्रत्येक कुत्र्यासमोर गुडघ्यावर बसत आणि मालकाशी गप्पा मारत. वय किती? काय खाते? फिरायला कोण नेतं? पाऊस असला तर? बोलता बोलता हात चालू: ओठ उचलून दात, कानाची पाळी उलटी करून आत, पंजा उचलून नखं, बरगड्यांवरून बोटं. चटणीच्या नखांपाशी बाई थांबल्या. "गवतावरच फिरते वाटतं. नखं वाढली आहेत, कापून घ्या." नात लाल झाली, कारण नखं कापायचं काम तिच्याकडे होतं. पलीकडच्या गुबगुबीत लॅब्राडोरच्या मालकाला बाईंनी हसत हसत विचारलं, "टोस्ट कोण देतं?" लोक हसले, आणि त्या गृहस्थांनी बायकोकडे बोट दाखवलं. फीत एका तीन पायांच्या टेरियरला मिळाली. त्याची शेपूट खरंच थांबत नव्हती.

त्या हसण्याखिदळण्यात बाई कुत्र्यांना जोखत नव्हत्या. त्यांचे सगळे प्रश्न दोरीच्या दुसऱ्या टोकाला होते. वंशावळीच्या प्रदर्शनात मालक फक्त कुत्रा उभा करणारा हात असतो, आणि मेंढपाळी स्पर्धेत तो कुत्र्याचा भागीदार असतो. इथे तो स्वतःच परीक्षेला बसलेला असतो, गावासमोर, आणि त्याला ते कळतही नाही. गंमतीच्या रिंगणानं सार्वजनिक तपासणीचं काम असं बिनबोभाट उरकलं होतं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरच्या फलकाला हे कधी साधणार नाही.

म्हणून तिकडचं सगळं गोडच आहे असं समजायचं कारण नाही. मोठ्या रिंगणात दुपारी शिकारी कुत्र्यांचा ताफा आला. लाल कोट घातलेले घोडेस्वार, तुतारी, आणि मग निवेदकानं लहान मुलांना आत बोलावलं: या, कुत्र्यांना कुरवाळा. कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करायला २००४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि ही मंडळी आता केवळ कृत्रिम वासाच्या मागावर धावतो असं सांगतात. त्यावर किती विश्वास ठेवावा यावरून तिकडे घराघरात वाद आहे. आमच्या जावयानं नातीला आत सोडलं नाही. शेजारच्या बाकावरच्या कुटुंबानं आपली तिन्ही मुलं सोडली. शोमध्ये गाव स्वतःला जसं दाखवू इच्छितं तसं दाखवतं. स्वेलडेल मेंढ्यांची लोकर स्पर्धेआधी पीटच्या मातीनं रंगवून खुलवतात, तसंच. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटनमध्ये साठ लाखांवर जनावरं मारली गेली, शो रद्द झाले, आणि कित्येक मेंढपाळी कुत्र्यांसमोर हाकायला कळपच उरला नाही. त्या वर्षाबद्दल तिथले शेतकरी अजूनही आपणहून बोलत नाहीत.

आता आपल्याकडे. कुत्रा आणि जत्रा यांचं नातं आपल्याला नवं नाही, उलट त्यांच्याहून जुनं आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवत कोटंब्यात भिक्षा घेतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, उंट, गाढवं आणि लाल कंधारी बैलांचा मोठा बाजार असतो, पशुप्रदर्शन असतं, आणि त्यात कुत्र्यांनाही जागा असते. लांब पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची कारवान कुत्री घेऊन आलेले लोक तिथे बघावेत. चटणीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली होती. दोघांची घडण एकाच प्रकारची, नजरेनं सावज हेरून वाऱ्यासारखं धावणारी. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी आपल्या संस्थानातली अशी एक जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली होती, आणि त्यानं तिला विजापूरचे हाउंड म्हटलं होतं. कारवान पाळणाऱ्या माणसाला आपल्या कुत्र्याचं आई-बाप, खाणं, दुखणं सगळं तोंडपाठ असतं. दोरी त्याच्या हातात नसली तरी त्याच्या मनात असते.

अडचण त्याच्यापुढे सुरू होते. आपली बहुसंख्य कुत्री ना त्याच्यासारख्याची असतात, ना पूर्ण बेवारस. ती आळीची असतात, चौकाची, चहाच्या टपरीची. दहा जण खाऊ घालतात, पण चावलं तर अकरावा कोणीतरी जबाबदार. या व्यवस्थेला मी तुच्छ लेखत नाही. खेड्यात रात्री अनोळखी पाऊल वाजलं की भुंकणारं ते कुत्रं कोणाचंच नसतं आणि सगळ्यांचं असतं, आणि अनेक पिढ्या हे निभावलंही. पण दाट वस्तीच्या शहरात, कचऱ्याच्या ढिगांभोवती, हे निभत नाही. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायचा आदेश दिला. अकरा दिवसांत मोठ्या पीठानं तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली व हल्लेखोर सोडून, बाकीची होती तिथेच परत सोडा. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांतून कुत्री हटवण्याचा आदेश आला. प्रत्येक आदेशावर दोन तट पडले, एक कुत्र्यांच्या बाजूचा, एक माणसांच्या. कुत्र्याच्या दोरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात असावं, हा प्रश्न या दोन्ही तटांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून राहिला.

ब्रिटननं एकोणिसाव्या शतकात जे केलं ते आपण करू शकत नाही आणि करू नये. बॅटर्सीच्या मार्गानं जाण्याची मुभा आपला कायदा देत नाही. २००१ पासून, आणि २०२३ च्या नव्या नियमांतही, आपण नसबंदी आणि लसीकरणाचा रस्ता धरला आहे. तो लांबचा आहे, पण सभ्य आहे. तो रस्ता फसतो तेव्हा त्यात पैशाचा अभाव असतो, पालिकांचा ढिलेपणा असतो, आणि आणखी एक गोष्ट असते जिच्याबद्दल आपण गप्प बसतो: रस्त्यावरच्या कुत्र्यांत भर घालणारे मालक. पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की विकत घेणारे, महिना-दोन महिन्यांत त्याच्या केसांना आणि ओरडण्याला कंटाळणारे, आणि एका संध्याकाळी त्याला हायवेवर उतरवून काच वर करणारे. माद्यांची नसबंदी न करता पिल्लं 'चांगल्या घरी' देऊन टाकणारे. श्वानपैदास आणि विक्रीसाठी २०१७ मध्ये केंद्रानं नियम केले, तरी मोबाइलवर फोटो पाहून पिल्लू घरपोच मागवता येतं. बुलडॉगच्या हाडांत ज्या हौसेनं वळण पाडलं तीच हौस इथे हस्कीला डेक्कनच्या उन्हात उभं करते.

म्हणून मला वाटतं, कुत्र्यांबद्दलचा आपला कायदा आणि आपला वाद दोन्ही मालकापासून सुरू व्हायला हवेत, रस्त्यापासून नव्हे. आधी ज्यांचं नाव माहीत आहे त्यांची नोंद, लस, नसबंदी, अंगात चिप. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला ती सक्तीची आहे, आणि टाकून दिलेला कुत्रा सापडला तर मालकापर्यंत पोचायचा धागा हाती असतो. मग जे लोक भटक्यांना रोज खाऊ घालतात त्यांना अर्धे मालक म्हणून मान आणि अर्धी जबाबदारी. यात खाऊ घालणाऱ्यांचा अपमान नाही. सध्या त्यांच्या वाट्याला फक्त शिव्या येतात, अधिकार कोणताच येत नाही. आणि माळेगावसारख्या यात्रांमध्ये, जिथे जनावरांसकट सगळं गाव जमतं आणि पशुसंवर्धन खात्याची माणसंही हजर असतात, तिथे कारवानांच्या स्पर्धेशेजारी एखादं गंमतीचं रिंगण आखायला काय हरकत आहे? गावठी कुत्रं घेऊन या, पट्टा हवा, लसीचा दाखला हवा. परीक्षक तालुक्याचा पशुवैद्य. बक्षीस म्हणून फेटा द्या हवं तर.

पुण्यामुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो, हे वाचणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल मला शंका आहे. आमच्याच सोसायटीच्या मागच्या सभेत कुत्र्यांना लिफ्टमधून न्यावं की जिन्यानं यावर रात्री अकरापर्यंत खडाजंगी झाली. एकानं प्राणिकल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं छापून आणली होती, दुसऱ्यानं नातवाच्या पोटरीवरचा व्रण दाखवला. शेवटी सेक्रेटरींनी इतिवृत्तासाठी विचारलं की इमारतीतल्या किती कुत्र्यांचे परवाने काढलेले आहेत. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, "परवाना? तो रिक्षाला लागतो ना?" आणि सभा पुढच्या विषयाकडे, पाण्याच्या टाकीकडे, वळली.